चंद्रावर जाऊन आलेला खेळणीवाला

यंदा मे महिन्यात मंडळाच्या बालशिबिरात शेवटच्या दिवशी मुलांना अंतराळावरच्या ॲनिमेशनच्या छोट्या फिल्म दाखवल्या. प्रोजेक्टर सांभाळायचे काम आमच्याकडे होते, कारण निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा कार्यकारिणीचा समज आहे. एका फिल्ममध्ये एकटा रोबो कुठल्याशा ग्रहावर रोपटे जपत होता, दुसरीत यान बिघडून दोन अंतराळवीर अडकले होते. पाच-सात मिनिटांच्या गोष्टी, पण एरवी खुर्चीवर न टिकणारी मुले गप्प बसून पाहत होती. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने विचारले की अशी सगळ्यांत पहिली फिल्म कोणी काढली.

आम्ही वडीलधारे दहा-बारा जण तिथे होतो. कोणी वॉल्ट डिस्नेचे नाव घेतले, कोणी रशियाचे. खात्रीने कोणालाच सांगता येईना. आम्ही बी.कॉम. आणि पुढची छत्तीस वर्षे बँकेत, त्यामुळे चंद्राशी आमचा संबंध संकष्टीपुरताच. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचायला बसलो आणि एका फ्रेंच माणसाच्या आयुष्यात असे गुंतलो की महिना कसा गेला ते कळले नाही. त्या मुलीला द्यायचे उत्तर हे असे जरा लांबले आहे.

त्या माणसाचे नाव जॉर्ज मेलिएस. जन्म पॅरिसमध्ये, ८ डिसेंबर १८६१. घरचा धंदा उंची बुटांचा. वडिलांनी कारागिरीपासून सुरुवात करून कारखाना उभा केला होता. तीन मुलांत जॉर्ज धाकटा. आईवडिलांनी त्याला चांगल्या शाळेत घातले, पण वह्यांच्या पानांवर गणिताऐवजी मास्तरांची व्यंगचित्रे निघत. दहा वर्षांचा असताना पुठ्ठ्याचे छोटे रंगमंच उभारून तो बाहुल्यांचे खेळ करी. सैन्यातली सक्तीची नोकरी झाल्यावर १८८४ मध्ये वडिलांनी त्याला इंग्रजी सुधारावे म्हणून लंडनला एका स्नेह्यांकडे कारकुनीला पाठवले. तिथे 'इजिप्शियन हॉल' नावाच्या नाट्यगृहात जादूचे प्रयोग चालत. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी जादू, असे त्याचे सुरू झाले. इंग्रजी किती सुधारले कोण जाणे, हात मात्र तयार झाला.

परत आल्यावर त्यांना चित्रकला शिकायची होती. वडिलांनी साफ नकार दिला आणि कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल गळ्यात घातली. चित्रकलेने पोट भरत नाही, हे वाक्य पॅरिसमध्येही आपल्याकडच्याच सुरात म्हणत असावेत. पण ही शिक्षा पुढे उपयोगी पडली. यंत्र खोलून जोडता येणारा जादूगार त्या काळी विरळाच.

१८८८ मध्ये वडील धंद्यातून निवृत्त झाले. जॉर्ज यांनी आपला हिस्सा भावांना विकला आणि त्या पैशात पॅरिसमधले एक प्रसिद्ध छोटे नाट्यगृह विकत घेतले. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे रॉबेर हूदँ यांच्या नावाचे ते थिएटर होते. जागा दोनशेच्या आसपास. पुढच्या नऊ-दहा वर्षांत मेलिएस यांनी तिथे तीसएक नवे जादूचे खेळ स्वतः रचले. पडदे त्यांनी रंगवले, यंत्रे त्यांनी बनवली, पोशाख त्यांनी आखले. भागीदारी विकून नाट्यगृह घेणाऱ्या तरुणाचा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले असते. पण व्यवहार म्हणून तो काही वाईट ठरला नाही, थिएटर व्यवस्थित चालले.

मग २८ डिसेंबर १८९५ हा दिवस आला. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या एका कॅफेच्या तळघरात हलत्या चित्रांचा पहिला जाहीर खेळ केला. मेलिएस त्याला हजर होते. खेळ संपताच त्यांनी ल्युमिएर बंधूंच्या वडिलांना गाठून यंत्रासाठी दहा हजार फ्रँक देऊ केले. वडिलांनी ते विकायला नकार दिला. हेच ल्युमिएर यांचे खेळ अवघ्या सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले, हे आपल्यापैकी काही जणांना माहीत असेल.

नकार पचवून मेलिएस लंडनला गेले आणि तिथल्या रॉबर्ट पॉल नावाच्या कारागिराकडून प्रोजेक्टर विकत घेतला. तो खोलला, त्याची घडण समजून घेतली आणि त्याच तत्त्वावर स्वतःचा कॅमेरा बनवला. चालताना तो इतका खडखडाट करी की त्याला ते कॉफी दळायचे यंत्र म्हणत. बुटांच्या कारखान्यातली ती सक्तीची उमेदवारी इथे फळाला आली.

सुरुवातीच्या फिल्म इतरांसारख्याच होत्या. पत्ते खेळणारी माणसे, रस्त्यावरची वर्दळ. मग एके दिवशी ऑपेरासमोरच्या चौकात चित्रीकरण करताना कॅमेरा क्षणभर अडकला. तो सुरू होईपर्यंत रस्त्यावरची वाहने पुढे सरकली होती. फिल्म धुऊन पाहिली तर चालती प्रवासी बग्गी एकदम प्रेतयात्रेची गाडी झालेली. ही हकीगत मेलिएस यांनी स्वतः सांगितलेली आहे आणि अभ्यासकांना ती पुरती पटत नाही. जादूगाराने आपल्या जादूच्या जन्माची गोष्ट सांगताना थोडी सजवली असेल तर आम्हाला त्यात गैर वाटत नाही. युक्ती मात्र खरी आहे आणि १८९६ च्या त्यांच्या एका फिल्ममध्ये ती पाहायला मिळते. खुर्चीवर बाई बसलेली आहे, तिच्यावर कापड टाकले, कापड उचलले तर बाई नाही, तिच्या जागी सांगाडा. कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. रंगमंचावर यासाठी जमिनीत झाकणाचा दरवाजा लागे, इथे नुसता हात आवरला की झाले.

मेलिएस यांच्या फिल्ममध्ये हाडामांसाची माणसे वावरतात, त्यामुळे काटेकोरपणे पाहता ते ॲनिमेशन नव्हे. पण थांबवा, बदला, पुन्हा टिपा, हीच क्रिया एकेका फ्रेमसाठी करत गेलात तर बाहुली चालू लागते, चित्र नाचू लागते. ते पाऊल पुढे १९०८ मध्ये पॅरिसमधल्याच एमिल कोल यांनी टाकले आणि शेकडो रेखाचित्रांची छोटी फिल्म केली. शिबिरात पाहिलेल्या रोबोची वंशावळ काढायची तर आजोबांच्या जागी हे दोघे येतात. अंतराळाची वाट पहिल्यांदा दाखवली ती मेलिएस यांनी.

१८९७ मध्ये त्यांनी पॅरिसजवळ मोंत्राय इथल्या घराच्या आवारात काचेच्या भिंती आणि काचेचे छप्पर असलेला स्टुडिओ बांधला. काच अशासाठी की तेव्हा चित्रीकरण सूर्यप्रकाशावरच होई. आतल्या मंचाची मापे आपल्या थिएटरच्या मंचाबरहुकूम ठेवली. पडदे, सामान आणि पोशाख सगळे करड्या रंगाच्या छटांत असत, कारण त्या वेळच्या फिल्मला रंग नीट कळत नसत. लाल रंग काळा दिसे आणि निळा पांढुरका. आपल्या कंपनीचे नाव त्यांनी ठेवले 'स्टार फिल्म'.

चंद्राचे वेड जुने होते. १८९८ मध्येच त्यांनी एका खगोलशास्त्रज्ञाच्या स्वप्नावर तीन मिनिटांची फिल्म केली होती, त्यात चंद्र खिडकीतून आत येतो आणि त्याची दुर्बीण गिळून टाकतो. पण ज्या फिल्मने त्यांचे नाव जगभर झाले ती १९०२ ची, 'चंद्रावरची सफर'. ज्यूल व्हर्न यांची तोफेतून चंद्रावर जाण्याची कादंबरी आणि एच. जी. वेल्स यांची चंद्रावरच्या पहिल्या माणसांची कादंबरी, अशा दोन्हींचे धागे तिच्यात आहेत. लांबी २६० मीटर, म्हणजे चौदाएक मिनिटे. एक-दोन मिनिटांच्या फिल्मच्या त्या जमान्यात हे भलतेच लांब होते. काम तीन महिने चालले आणि खर्च आला दहा हजार फ्रँक. ल्युमिएर यांना यंत्रासाठी देऊ केलेली रक्कमही तीच होती, हा योगायोग आमच्यातल्या हिशेबनिसाच्या नजरेतून सुटला नाही.

फिल्म आम्ही तीनदा पाहिली. टोकदार टोप्या घातलेले खगोलशास्त्रज्ञ सभेत भांडतात, अगदी आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेसारखे. त्यांचे प्रमुख प्राध्यापक म्हणजे खुद्द मेलिएस. मग तोफगोळ्याच्या आकाराचे यान तयार होते, त्यात सहा जण बसतात, तोफ उडते. चंद्राला माणसाचा चेहरा आहे. तो मोठा मोठा होत जवळ येतो आणि यान थेट त्याच्या उजव्या डोळ्यात घुसते. हे दृश्य तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेले आहे, नाव माहीत नसेल एवढेच. गंमत अशी की कॅमेरा जागचा हललेलाच नाही, तो फार जड होता. गळ्यापर्यंत काळे मखमल पांघरलेल्या नटाला रुळांवरच्या खुर्चीत बसवून कॅमेऱ्याकडे ओढत आणले आहे.

चंद्रावर उतरल्यावर आपले प्रवासी झोपतात, त्यांच्यावर बर्फ पडतो, ते गुहेत शिरतात. प्राध्यापक छत्री जमिनीत रोवतात तर तिची अळंबी होऊन वाढू लागते. मग चंद्रवासी येतात. पॅरिसच्या एका रंगमहालातले कसरतपटू त्यासाठी आणले होते, म्हणून ते कोलांट्या मारत येतात. छत्रीचा फटका बसला की चंद्रवासी धूर होऊन नाहीसा होतो. इथेही तीच युक्ती, कॅमेरा थांबवा, माणूस हलवा, धूर सोडा, कॅमेरा सुरू करा. शेवटी यान चंद्राच्या कड्यावरून खाली ढकलतात आणि ते सरळ आपल्या समुद्रात पडते. न्यूटनचे काय झाले असे आम्ही नातवाला विचारले. तो म्हणाला की कार्टूनमध्ये असेच असते.

काही प्रती रंगीत निघत. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए नावाच्या बाईंचा रंगकामाचा कारखाना होता, तिथे दोनशेच्या वर बायका काम करीत. फिल्मवरच्या बोटभर चित्रात ब्रशने रंग भरायचा, प्रत्येकीला एकच रंग. एकीने लाल भरून रीळ पुढे द्यायचे, दुसरीने पिवळा. चौदा मिनिटांच्या फिल्ममध्ये अशी तेरा हजारांवर चित्रे होती. आणि हे एका प्रतीसाठी, दुसऱ्या प्रतीला पुन्हा पहिल्यापासून.

आता आमच्या विषयाकडे येतो, म्हणजे पैशाकडे. 'चंद्रावरची सफर'ची काळीपांढरी प्रत ५६० फ्रँकला आणि रंगीत प्रत १,००० फ्रँकला विकली जाई. विकली जाई, भाड्याने नव्हे. गिऱ्हाईक म्हणजे जत्रांतून तंबू लावणारे खेळवाले. ते प्रत एकदा घेत आणि फाटेपर्यंत गावोगाव दाखवत. खेळ हजार झाले तरी मेलिएस यांच्या खात्यात जमा ते ५६० च.

१९८० च्या दशकात आमच्या शाखेत एक व्हिडिओ लायब्ररीवाले कर्जदार होते. कॅसेट एकदा विकत घ्यायची आणि शंभर वेळा भाड्याने द्यायची, असा त्यांचा धंदा. हप्ता कधी एक दिवस चुकला नाही. शिक्षण फारसे नव्हते, पण वस्तू विकली की ती संपते आणि भाड्याने दिली की ती कमावत राहते, हे त्यांना पक्के कळले होते. मेलिएस यांना ते कळले नाही, किंवा कळूनही पटले नाही. त्यांचे गिऱ्हाईक जत्रेतले होते, त्यांना दुखवायचे नव्हते.

दुसरे भोक अमेरिकेत पडले. 'चंद्रावरची सफर' तिथे तुफान चालली, पण बहुतेक कमाई दुसऱ्यांची झाली. एडिसन यांच्या कंपनीसकट अनेकांनी तिच्या प्रतींवरून प्रती काढून परस्पर विकल्या. फिलाडेल्फियाच्या सिगमंड ल्युबिन यांनी तर तिचे नाव बदलून 'मंगळावरची सफर' म्हणून विकली. चेहरा चंद्राचा आणि नाव मंगळाचे! मेलिएस आपल्या पडद्यांवर, सामानावर कंपनीचा तारा रंगवू लागले, म्हणजे चोरी ओळखू यावी. १९०३ मध्ये थोरले भाऊ गास्तों यांना न्यूयॉर्कला पाठवून कचेरी उघडली आणि तिथे रीतसर हक्क नोंदवायला सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक फिल्मच्या दोन निगेटिव्ह काढत, एक पॅरिसला ठेवायची, एक अमेरिकेला पाठवायची. धंद्याची सोय म्हणून केलेली ही दुसरी निगेटिव्ह पुढे कशी कामी आली ते ओघाने येईलच.

१९०४ ची 'अशक्याची सफर' आणखी मोठी. तिच्यात आगगाडी डोंगरावरून थेट आकाशात उडते आणि सूर्याच्या तोंडात शिरते. तिथली उष्णता सोसेना म्हणून प्रवासी बर्फाच्या डब्यात शिरतात तर गोठून बसतात. १९०७ मध्ये ग्रहणावरची फिल्म झाली, सूर्य आणि चंद्र त्यात चक्क लाजतमुरडत एकमेकांना भेटतात. १८९६ ते १९१३ या काळात मेलिएस यांनी पाचशेहून अधिक फिल्म काढल्या. कथा, नेपथ्य, अभिनय, दिग्दर्शन, निर्मिती, सगळे एकहाती. आणि थिएटरचे खेळही चालूच.

पण धंदा बदलत होता. शार्ल पाथे यांच्यासारखे लोक कारखान्याच्या पद्धतीने फिल्म काढू लागले आणि १९०७ पासून त्या विकायच्या बंद करून भाड्याने देऊ लागले. अमेरिकेत एडिसन यांनी १९०८ मध्ये निर्मात्यांचा संघ बांधला. त्यात राहायचे तर आठवड्याला हजार फूट फिल्म पुरवणे भाग होते. एकेका पडद्यावर आठवडा घालवणाऱ्या माणसाने आठवड्याला हजार फूट कुठून आणायचे? प्रेक्षकही तेव्हा मारामाऱ्या, पाठलाग, खऱ्या गल्ल्यांतल्या गोष्टी मागू लागला. पुठ्ठ्याचा चंद्र जुना झाला. फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसला फिल्म निर्मात्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष मेलिएस होते. तिच्यात विक्री बंद करून भाडे हीच पद्धत स्वीकारली गेली. ज्या ठरावाने आपला धंदा बुडणार त्याच सभेचे अध्यक्षपद भूषवायचे, हे दुर्दैव कोणाच्या वाट्याला न येवो.

१९११ मध्ये त्यांनी पाथे यांच्याशी करार केला. पाथे पैसे पुरवणार, मेलिएस फिल्म काढणार आणि तारण म्हणून मोंत्रायचे घर आणि स्टुडिओ. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले. राहते घर तारण ठेवणारे कर्जदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. सही करताना त्यांचा हात कधी थरथरत नाही, कारण आपला माल खपणार याची त्यांना पुरती खात्री असते. १९१२ ची ध्रुवावरची सफर त्यांनी जुन्याच थाटात केली, बर्फातून एक अवाढव्य राक्षस वर येतो आणि संशोधकांना गिळतो. फिल्म अप्रतिम आहे, पण ती चालली नाही. पाथे यांच्या माणसांनी पुढच्या फिल्मवर कात्री चालवायला सुरुवात केली आणि मेलिएस यांनी काम थांबवले. तिकडे गास्तों प्रशांत महासागर आणि आशियाच्या दौऱ्यावर चित्रीकरण करत फिरले आणि तेही तोट्यात आले. १९१३ मध्ये पत्नी युजेनी वारल्या. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले.

कर्ज राहिले, पण युद्धकाळातल्या कर्जस्थगितीमुळे वसुली लांबली. स्टुडिओत आता मेलिएस कुटुंबातलेच लोक नाटके करत. १९१७ मध्ये फ्रेंच सैन्याने स्टार फिल्मच्या चारशेहून अधिक प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या. चांदी काढून घेतली आणि सेल्युलॉइडच्या बुटांच्या टाचा केल्या. बूट नको म्हणून ज्याने कारखान्यातला हिस्सा विकला, त्याच्या चंद्राच्या शेवटी टाचाच झाल्या.

१९२३ मध्ये सगळे एकदम आले. रस्ता रुंद करण्यासाठी त्यांचे थिएटर पाडले गेले. त्याच वर्षी पाथे यांनी मोंत्रायची मालमत्ता ताब्यात घेतली. निगेटिव्ह ठेवायला जागा उरली नव्हती. बासष्टीला आलेल्या मेलिएस यांनी संतापाच्या भरात पंचवीस वर्षांच्या निगेटिव्ह, पडदे, पोशाख बागेत काढून पेटवून दिले.

जप्तीच्या कामासाठी आम्हीही दोनदा कोणाच्या तरी दारात उभे राहिलो आहोत. कागद आमच्या बाजूने होते, दोन्ही वेळा. तरी एका घरातला म्हातारा आमच्यासमोर आपल्या जुन्या वह्या न्हाणीघराच्या बंबात घालत होता, ते डोळ्यांसमोरून जात नाही. त्या वह्यांत काय होते ते आम्ही विचारले नाही.

१८९६ मध्ये कापडाखालून नाहीशी झालेली बाई होती झान दाल्सी ही नटी. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात तिचे खेळण्यांचे आणि गोळ्या-चॉकलेटांचे छोटे दुकान होते. १९२५ मध्ये मेलिएस यांनी तिच्याशी लग्न केले आणि ते त्या दुकानात बसू लागले. हिवाळ्यात स्टेशनातली थंडी, उन्हाळ्यात उकाडा. पत्र्याची खेळणी आणि बाहुल्यांच्या गर्दीत उभे असलेले त्यांचे एक छायाचित्र आहे. पांढरी टोकदार दाढी, अंगात जाड कोट. गाडीची वेळ झाली म्हणून मुलाला ओढत नेणाऱ्या किती आईबापांनी त्यांच्याकडून खेळणे घेतले असेल. हा माणूस चंद्रावर जाऊन आला आहे हे त्यांतल्या कोणाला माहीत असणार?

इथे आपले दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. वडोदेकरांना तर ते घरचेच, कारण प्राध्यापक गज्जरांच्या कलाभवनात ते शिकले, छायाचित्रणाची विद्या त्यांनी इथे घेतली. तेही जादूगार, आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग करणारे. त्यांनीही विलायतेला जायला विमा पॉलिसी तारण ठेवल्या. एकेक फ्रेम टिपत आगकाड्यांना नाचवणारी छोटी फिल्म त्यांनीही केली. आणि १९४४ मध्ये नाशिकला गेले तेव्हा त्यांच्या गाठीशीही फारसे काही नव्हते.

मेलिएस यांच्याकडे मात्र जगाने वळून पाहिले, उशिरा का होईना. सिनेमाच्या एका साप्ताहिकाचे संपादक लिऑन द्रुओ यांना हे दुकानदार कोण आहेत ते कळले आणि त्यांच्याविषयी लेख येऊ लागले. कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या गोदामात त्यांच्या जुन्या प्रती सापडू लागल्या. १६ डिसेंबर १९२९ रोजी पॅरिसच्या साल प्लेयेल या मोठ्या सभागृहात त्यांच्या सन्मानार्थ त्यांच्या फिल्मचा खास कार्यक्रम झाला. १९३१ मध्ये त्यांना फ्रान्सचा सर्वोच्च नागरी सन्मान, लेजन ऑफ ऑनर, मिळाला. तो त्यांच्या छातीवर लावला लुई ल्युमिएर यांनी. वडिलांनी यंत्र नाकारले होते, मुलाने पदक लावले.

१९३२ मध्ये चित्रपट व्यवसायातल्या संस्थेने त्यांना ओर्ली इथल्या वृद्ध कलावंतांच्या निवासात जागा दिली. झान आणि नात मादलेन यांच्यासह ते तिथे राहिले. कोणी भेटायला आले की ते 'चंद्रावरची सफर'मधली दृश्ये आठवून पुन्हा कागदावर काढून देत. १९३६ मध्ये ऑंरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्रांज्यू या दोन तरुणांनी जुन्या फिल्म जमवायला सुरुवात केली आणि त्या ठेवायला याच निवासाच्या आवारातली एक पडीक इमारत घेतली. किल्ली मेलिएस यांच्याकडे दिली. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध चित्रपट संग्रहालयाचे पहिले किल्लीवाले असे आपल्या फिल्म जाळणारे मेलिएस झाले.

२१ जानेवारी १९३८ रोजी कर्करोगाने पॅरिसच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी, २० जानेवारीला, रेखाचित्रांना चालवणारे ते एमिल कोल वारले होते. मेलिएस यांची समाधी पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे.

त्यांच्या पाचशेवर फिल्मपैकी दोनशेहून अधिक आज पाहता येतात. ज्या विक्रीने त्यांना बुडवले तिनेच त्या वाचवल्या, कारण विकलेल्या प्रती गावोगाव पसरल्या होत्या. चोरांनी काढलेल्या प्रतीही कामी आल्या, हे लिहिताना बँकवाल्याचा हात जरा अडखळतो. अमेरिकेला पाठवलेल्या दुसऱ्या निगेटिव्हपैकी बऱ्याच वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात पोहोचल्या. 'चंद्रावरची सफर'ची रंगीत प्रत हरवली असेच सगळे धरून चालले होते, ती १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहात सापडली. रीळ चिकटून दगड झाले होते. ते सुटे करायला आणि चित्र न् चित्र दुरुस्त करायला अनेक वर्षे लागली आणि मे २०११ मध्ये कान महोत्सवात ती दाखवली गेली. तिच्यातल्या यान उडवण्याच्या दृश्यात झेंडा स्पेनच्या रंगांत आहे, म्हणजे ती प्रत स्पेनमधल्या गिऱ्हाइकासाठी रंगवलेली. गिऱ्हाईक सांभाळण्याची सवय ती हीच. त्याच २०११ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'ह्युगो' हा चित्रपट आला, त्यात स्टेशनातल्या खेळणीवाल्या मेलिएसचे काम बेन किंग्जले यांनी केले आहे. गांधीजी झालेले तेच, मूळ नाव कृष्ण भानजी, वडिलांकडून गुजराती वंशाचे. आपल्या सभासदांना हे कळवायलाच हवे.

कार्यकारिणीने परवानगी दिली आहे, तेव्हा कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटायला ठेवले की पडदा लावून 'चंद्रावरची सफर' रंगीत प्रतीतून दाखवू. चौदा मिनिटांची आहे, दूध उतू जाणार नाही. प्रोजेक्टर आमच्याकडेच आहे. त्या चिमुरडीच्या आईवडिलांनी तिला जरूर आणावे, पहिल्या रांगेत तिची खुर्ची राखून ठेवली आहे.